गोल भिंतीतलं संत्र्याचं झाड

६ फेब्रुवारी

निन्फा परत येतेय. कायमची. बाजारातून येताना पाव आणते म्हणावं, तितक्या सहज फोनवर सांगून मोकळी झाली. अडतीस वर्षं तोरिनोत काढली, नवरा वारला, मूलबाळ नाही, आणि आता म्हणे बेटाची फार आठवण येते. मी म्हटलं, "ये की. घर तुझंच आहे."

घर तिचंच आहे. वरचं घुमटाचं घर तिचं आणि त्याला लागून असलेली बागही तिची. खालच्या दोन खोल्या माझ्या.

ही वही मुद्दाम काढली. काय झालं, कसं झालं, ते तारखेनिशी लिहिलेलं असावं. निन्फा विसराळू आहे. मी नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

बाग म्हणजे एकच झाड. काळ्या दगडांची गोल भिंत, दोन पुरुष उंच, वर आभाळ उघडं, वाकून शिरावं लागेल असं ठेंगणं दार आणि मधोमध संत्रं. पणजोबांनी बी टाकून वाढवलेलं, कलम नव्हे. बाहेरचा वारा माणसाला ढकलत नेतो, आत पान हलत नाही. पाणी घालायचं नाही. रात्री भिंतीचे दगड गार पडतात, दव धरतात, तेवढ्यावर झाड जगतं. आमच्या घराण्यात ही बाग मुलीला लग्नात द्यायची रीत. मी थोरली, पण माझं लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. निन्फाचं ठरलं. बाबांनी बाग तिच्या नावावर केली आणि पंधरा दिवसांत ती बागेकडे पाठ फिरवून नवऱ्यामागे निघून गेली. किल्ली माझ्याकडे राहिली. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा ते आणि झाड, दोन्ही मी बघितलं. बाबा अकरा वर्षं, झाड अडतीस.

१५ फेब्रुवारी

आज बुंधा मोकळा केला. दर फेब्रुवारीत करते. कुदळ नाही, खुरपं नाही, फक्त हात. वर्षभरात पालापाचोळा, धूळ बुंध्याशी चढते, ती सगळी काढायची. खोड जमिनीत शिरतं तिथली मुळांची पहिली वळणं दिसली पाहिजेत. बियाचं संत्रं असंच ठेवावं लागतं. बुंध्याशी ओल राहिली की साल आतून सडते आणि वरून काही कळत नाही. आमच्या खम्मा गावात हे न कळणारं माणूस सापडायचं नाही.

गुडघा फार दुखला. उठताना भिंतीला धरून उठले.

संत्री उतरवली. निन्फाला दर फेब्रुवारीत पेटी पाठवायचे, ती या वर्षी पाठवली नाही, येतेच आहे तर खाईल. खरं सांगायचं तर पेटीत मी लहान फळं भरायचे. मोठी घरी ठेवायचे. तिकडून पत्र यायचं, "नार्दा, कसली गोड गं!" मोठी खाल्ली असती तर काय लिहिलं असतं कोण जाणे.

२ मार्च

आली. विमानतळावर मला कडकडून मिठी मारली.

"नार्दा! अगं, किती वाळलीस!"

"तू नाही वाळलीस," मी म्हटलं.

ती हसत सुटली. तिला टोमणा कळत नाही, लहानपणापासून. माझ्या चालीकडे बघून म्हणाली, "गुडघा इतका वाईट झालाय आणि एका शब्दाने सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, गुडघा माझा आहे.

घरी आल्यावर बॅगा तशाच टाकून थेट बागेत. दारात कपाळ आपटलं. झाडाला हात लावला आणि रडायला लागली. मी मागे उभी राहून बघत होते. अडतीस वर्षांनी रडायला सुचलं.

"एकटीने किती सांभाळलंस गं," ती म्हणाली.

"सवय आहे."

३ मार्च

सकाळी नऊलाच शहरात गेली. काय काम ते सांगितलं नाही. येताना बदामाची बिस्किटं घेऊन आली आणि माझ्या जन्माच्या दाखल्याची प्रत मागितली. कशाला? "असू दे गं एक." काल आली नाही तोच कागदपत्रं गोळा करायला लागली. दाखला सापडत नाही म्हणून सांगितलं. तो कपाटात वरच्या खणात आहे.

११ मार्च

मिलानहून बागवाल्या बाई आल्या आहेत. नाव ऑर्सोला. बागा आखणं हा यांचा धंदा. पायात पांढरे बूट, आमच्या काळ्या मातीत! दोन दिवस फीत घेऊन मोजत होत्या. आज मोठा रंगीत कागद टेबलावर पसरला. केपरच्या झुडपांच्या पायऱ्या होत्या तिथे लॅव्हेंडर. अंगणात खडीची वाट. ऑलिव्हची दोन उंच झाडं. आमच्याकडे ऑलिव्ह जमिनीसरशी छाटून, निजवून वाढवतात, उभं ठेवलं तर पहिल्या वादळात मोडतं. हे त्यांना कोणी सांगायचं? निन्फाने सांगावं. ती इथेच जन्मली.

गोल भिंतीच्या आत झाडाभोवती उंच वाफा, मांडीएवढा. त्यात फुलं. त्याच्या कडेला दगडी बाक. दार रुंद आणि उंच.

"कसं वाटतंय, नार्दा?" निन्फाने विचारलं. डोळे नुसते चमकत होते.

"कागद छान आहे," मी म्हटलं.

"बाकावर बसून हात पुरेल बघ वाफ्यापर्यंत. वाकायला नको."

यांना आता वाकायलाही नको.

१९ मार्च

सान जुझेप्पेचा सण. मी रिकोटा आणि पुदिन्याचे राविओली केले. निन्फाने तीनदा वाढून घेतले. जेवताना म्हणाली, "गवंडी उद्या येतोय. बागेची किल्ली दे ना."

मी दिली. एप्रनच्या खिशातून काढून टेबलावर ठेवली. तिने ती पर्समध्ये टाकली आणि पुदिना कुठला, बाजारातला की घरचा, ते विचारायला लागली.

३१ मार्च

निन्फाने किल्ली अजून परत दिली नाही. बारा दिवस झाले.

२ एप्रिल

दार फोडलं. आतल्या बाजूने वाफ्याची भिंत चढली. आज त्यात माती ओतली. बाहेरून आणलेली, लालसर, शेणखत घातलेली, हातात घेतली तर केकसारखी. सगळी बुंध्याभोवती. मी पंधरा फेब्रुवारीला उघडी केलेली मुळं मांडीएवढ्या मातीखाली गेली. त्यावर ठिबकची काळी नळी, तीन वेढे.

आमच्याकडे एक गोष्ट फार कसोशीने पाळतात. दुसऱ्याच्या भिंतीआतल्या झाडाबद्दल बोलायचं नाही. मालकाने दारात येऊन "आत या आणि सांगा" असं म्हटलं, तरच सांगायचं. न विचारता सांगणं म्हणजे तुला बाग राखता येत नाही असं तोंडावर म्हणणं. दोन घरं यावरून तीन पिढ्या बोलत नाहीत, मला माहीत आहेत. शेजारचे कोझ्माकाका चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आज आपल्या बांधावर उभे राहून मातीच्या पाट्या आत जाताना बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. टोपी नीट करून ते घरात गेले.

संध्याकाळी निन्फा म्हणाली, "ये ना बघायला. कसं वाटतंय?"

"सुंदर."

कसं वाटतंय, हे विचारणं नव्हे. तिने रीतसर विचारावं. मी सांगेन.

१४ एप्रिल

आजचा दिवस बरा गेला, तेही लिहायला हवं.

पायऱ्यांच्या कोपऱ्यात थोडी केपर ठेवावीत असं निन्फाने स्वतःहून ठरवलं. मला म्हणाली, "हे मला जमायचं नाही, तू दाखव." मी भिंतीच्या फटी दाखवल्या, रोप कोणत्या बाजूने तिरपं सारायचं, मागे माती किती दाबायची. केपरच्या कारखान्यात तीस वर्षं खारवायच्या कळ्या निवडल्या आहेत मी, चाळणीशिवाय आकार सांगते. ती एक कळी दाखवायची, मी आकार सांगायचे. मग तिने शर्टाचं बटण दाखवलं. दोघी हसून हसून बांधावर बसलो.

रोझमेरी वाऱ्याच्या तोंडावर लावायची असं सांगितलं तर लगेच बाईंना फोन करून कागद बदलायला लावला. मी जरा चकित झाले.

घरी जाताना वाटलं, उद्या बुंध्याचंही सांगून टाकावं.

१५ एप्रिल

सांगायला गेले होते. ती दारातच म्हणाली, "बरं झालं आलीस. गुरुवारी माझ्याबरोबर नोटरीकडे चल. एका कागदावर तुझी सही हवी."

"कसला कागद?"

"ते तिथेच कळेल," म्हणाली आणि लहान मुलीसारखी ओठ दाबून हसली.

आता सगळं लक्षात आलं. पाववाल्या एन्झाकडे हे ऐकलेलं आहे. वीस वर्षांवर एखाद्याने जमीन राखली तर तो हक्क सांगू शकतो, म्हणून बाहेरून येणारे लोक आधी सही घेतात, माझा काही हक्क नाही म्हणून. मी अडतीस वर्षं राखली. ऑर्सोलाबाईंनीच डोक्यात भरवलं असणार. म्हणून तो जन्माचा दाखला. म्हणून दुसऱ्याच दिवशी शहर.

गुडघा दुखतो, जमणार नाही, असं सांगितलं. बुंध्याचं तोंडातून निघालं नाही.

२० मे

लॅव्हेंडर फुललं आहे. फोटो काढून ती तोरिनोच्या मैत्रिणींना पाठवते. उंच ऑलिव्हपैकी एक मिस्त्राल वाऱ्याने शनिवारी मोडलं. "हे कसं झालं?" म्हणाली. मी म्हटलं, वारा होता.

नोटरीचं पुन्हा काढलं. केपरचा हंगाम आहे म्हटलं. "दहा मिनिटांचं काम आहे गं!" दहा मिनिटांत अडतीस वर्षं पुसायची असतात होय?

संत्र्याला या वर्षी नवी पालवी भरपूर आली. हिरवीगार. निन्फा हुरळून गेली आहे. "बघ, पाण्याने कसं तरतरीत झालं!" मी काही बोलले नाही. पहिल्या पाण्याला झाड हसतंच.

२६ जून

वरच्या दक्षिणेकडच्या फांदीची पानं मधली शीर सोडून पिवळी पडायला लागली. निन्फाच्या लक्षात आलेलं नाही. बाईंनी फोनवर सांगितलं, उन्हाळा आहे, पाणी वाढवा. वाढवलं.

८ जुलै

निन्फा तीन दिवसांसाठी त्रापानीला गेली, दातांच्या डॉक्टरकडे. जाताना माझ्या हातात बागेच्या नव्या दाराची किल्ली दिली. "ही तुझी. पाणी आपोआप सुरू होतं, तू फक्त लक्ष ठेव."

नव्या दारातून सरळ उभी चालत आत गेले. गुडघ्याला काही त्रास झाला नाही. बाकावर बसले. बाक बेताच्या उंचीचा आहे, उठतानाही त्रास होत नाही. एवढं ऑर्सोलाबाईंना बरं जमलं.

सात वाजता पाणी सुरू झालं. नळीतून थेंब पडतात त्याचा आवाज येतो. मी मातीत हात घातला. चिखल. मनगटापर्यंत गेला तेव्हा खोडाची साल लागली, बुळबुळीत. हात वर काढला तर बोटांना डिंक होता आणि आंबल्यासारखा वास. अजून वेळ होता. खरं लिहिते, अजून वेळ होता. नळी बाजूला काढायची, माती दोन्ही हातांनी उपसायची, सडकी साल सुरीने चांगल्या सालीपर्यंत खरवडायची, उघडी ठेवायची. तीन दिवस घरात कोणी नव्हतं. माझ्याने सगळं झालं असतं.

मग मनात आलं, केलं तर निन्फा म्हणेल, मला न विचारता माझ्या बागेत हात का घातलास. आणि हेही आलं, की मेलं तर तिला कळेल. काय सांभाळत होते मी, ते तिला एकदा कळेल.

खड्डा बुजवला. वरून माती थापून सारखी केली आणि हात बाहेरच्या नळावर धुतले.

११ जुलै

निन्फा आली. माझ्यासाठी मऊ तळव्याच्या चपला आणल्या. "बाग ठीक?" विचारलं.

"ठीक."

तिने किल्ली परत मागितली नाही. विसरली असेल.

१५ ऑगस्ट

सण. चर्चच्या गावजेवणाला दोघी गेलो. निन्फाने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकून सांगितलं, "सप्टेंबरात हिचा वाढदिवस आहे. त्याच्या आत हिला नोटरीकडे ओढून नेणार आहे, फरफटत!" सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चारचौघांत. मी पानातलं कुसकुस तसंच टाकून उठले.

झाडावर फळं होती, बोराएवढी. सगळी गळली. सकाळी वाफ्यातल्या फुलांवर पडलेली असतात आणि निन्फा ती वेचून ओंजळीत घेऊन उभी राहते. काल रात्री जेवताना म्हणाली, "मी काहीतरी चुकतेय, नार्दा."

मी म्हटलं, "बाईंना विचार."

४ सप्टेंबर

अर्धं झाड उघडं पडलं. सिरोकोचा गरम वारा वाहत नाही, कीड नाही, आणि पानं नुसती खाली येतात. निन्फा कोझ्माकाकांच्या बांधावर गेली. मी खिडकीतून बघत होते. त्यांचा हात धरून तिने त्यांना दारापर्यंत आणलं आणि म्हणाली, "काका, आत या आणि सांगा. माझं झाड का मरतंय?"

शेवटी म्हटलं. त्यांना.

मीही गेले. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे, पण वाफ्याच्या कडेवर गुडघे टेकून त्यांनी कोपरापर्यंत माती उपसली. सालीचा मोठा तुकडा हातात आला, आतून काळा, ओला. वास सुटला. त्यांनी तो कडेला ठेवला आणि हात पँटला पुसले.

"बुंधा पुरला कोणी?"

"बागेच्या बाईंनी. का? चुकलं?"

"बियाचं संत्रं आहे, पोरी. याचा बुंधा उघडा लागतो. पाणी तर नाहीच." ते थांबले. "एप्रिलात बघितलं होतं मी. म्हटलं, घरात नार्दा आहे. ती सांगेलच."

निन्फाने माझ्याकडे बघितलं.

"आता काही होईल?" तिने काकांना विचारलं.

"जुलैत काही करता आलं असतं. आता चारी बाजूंनी गेलं."

काकांनी टोपी घेतली आणि निघून गेले. दारातून जाताना वाकले, सवयीने. दार आता उंच आहे.

"तुला माहीत होतं?" निन्फा म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"रोज विचारत होते मी! रोज! कसं वाटतंय, ठीक आहे ना..."

"ते विचारणं नव्हे."

"मग कसं विचारायचं असतं तुला? गुडघ्यावर बसून?"

मी म्हटलं, अडतीस वर्षं इथे राहिली असतीस तर माहीत असतं. बाग तुझी, हक्क तुझा, सह्या घ्यायच्या त्या तुला, मग अक्कल तेवढी माझ्याकडून फुकट हवी? आणखीही बोलले. तोरिनोचं, बाबांच्या अकरा वर्षांचं, किल्लीचं. पेटीतल्या लहान संत्र्यांचंसुद्धा. बोलताना बरं वाटत होतं, ते लपवत नाही.

ती घरात गेली आणि एक निळी फाईल घेऊन आली. बाकावर माझ्या शेजारी ठेवली.

"वाच."

नोटरीचा मसुदा. तारीख ३ मार्च. ही गोल भिंत, आतलं झाड, दार, वाट, सगळं निन्फाकडून तिची थोरली बहीण लेओनार्दा हिला कायमचं बक्षीस. खाली निन्फाची सही. शेजारची जागा रिकामी.

"वाढदिवसाला देणार होते," ती म्हणाली. "दार मोठं केलं कारण तुला वाकवत नाही. वाफा उंच केला कारण तुला खाली बसवत नाही. ऑर्सोलाने बाकाची उंची तुझ्या खुर्चीवरून घेतली, तू बाजारात गेली होतीस तेव्हा. तुझी बाग होती, नार्दा. मार्चपासून तुझीच होती."

मी म्हटलं, "मला आधी सांगायचंस."

"हो," ती म्हणाली. "तूही."

५ सप्टेंबर

झोप नाही. वही पहिल्यापासून वाचून काढली. जन्माचा दाखला, बाक, किल्ली, चपला, सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मी वाचायला शिकले नव्हते जणू. आठ जुलैचं पान फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही.

वर गेले. "निन्फा, माझं चुकलं," असं म्हणायचं ठरवून गेले होते. ती नळी गुंडाळत होती. मी म्हटलं, "कॉफी टाकू?" ती म्हणाली, नको.

२२ सप्टेंबर

माझा वाढदिवस. त्रेसष्ट. वर दार बंद होतं. मी केक केला नाही, तिनेही नाही.

९ ऑक्टोबर

झाड कापलं. दोन माणसं आली, दीड तास लागला. फांद्या नव्या दारातून सहज बाहेर निघाल्या. जुनं दार असतं तर तुकडे करावे लागले असते. निन्फा बघायला आली नाही. मी बाकावर बसून राहिले. मला रडू आलं, आणि ते झाडासाठी नव्हतं. निन्फाने मिलानला फोन करून कडेचं लॅव्हेंडरही काढून टाकायला सांगितलं, ते मात्र मी काढू दिलं नाही. त्याने कुणाचं काय बिघडवलं होतं?

१८ ऑक्टोबर

नोटरीकडे गेलो. मी नको म्हटलं होतं. म्हटलं, आता कशाला, राहू दे. ती म्हणाली, "दिलं ते दिलं." टॅक्सीत दोघी दोन खिडक्यांना.

नोटरीबाईंनी सगळं मोठ्याने वाचलं. कायदाच आहे तसा. "आतील फळझाडासह" असंही वाचलं, मसुदा मार्चचा होता. थांबून विचारलं, "यात काही बदल?" निन्फा खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, झाड खोडा. त्यांनी रेघ मारली, दोघींनी शेजारी आद्याक्षरं घातली, मग सही केली. बाहेर आल्यावर निन्फाने सांगितलं, रविवारचं तिकीट काढलंय. तोरिनो. घर बंद ठेवेन, किल्ली कोझ्माकाकांकडे.

"माझ्याकडे नको?"

रस्ता ओलांडताना तिने माझ्या कोपराला धरलं, पायरी होती म्हणून. पायरी संपल्यावर सोडलं.

२१ ऑक्टोबर

गेली. विमानतळावर मी गेले होते. गाल टेकवले, दोन्ही बाजूंनी, परक्यांसारखे. मी म्हटलं, "निन्फा, मला..." ती म्हणाली, "माहीत आहे." काय माहीत आहे, ते विचारायला वेळ राहिला नाही. रांग पुढे सरकली.

२४ ऑक्टोबर

तीन दिवसांनी पाव आणायला बाहेर पडले. एन्झाच्या दुकानात चार-पाच बायका होत्या. मी शिरताच गप्प झाल्या. मला वाटलं, कळलं सगळ्यांना. कोझ्माकाका बोलले. परत फिरणार होते, तेवढ्यात एन्झाच काउंटरच्या मागून बाहेर आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"नार्दा, काय गं हे तुझ्या नशिबी! निन्फा शनिवारी येऊन गेली. इथेच उभी राहून रडली. सगळ्यांना सांगितलं तिने. म्हणाली, बहिणीने मला हजारदा बजावलं, बुंध्याशी माती नको, पाणी नको. मीच शहाणपणा केला, ऐकलं नाही. तिचं झाड माझ्या हातांनी मारलं."

कोणीतरी म्हणालं, तोरिनोत राहून माणसाची अक्कल अशीच जाते. दुसरीने मला बसायला स्टूल दिलं. आणखी कोणी पाठीवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत इतक्या बायका माझ्याशी एकदम इतकं गोड बोलल्या नव्हत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला इतकी लाज वाटत होती, की वाटलं आत्ता सांगावं, इथेच सांगावं. तोंड उघडलंसुद्धा.

"खरंच इतकं सांगूनही ऐकलं नाही तिने?" एन्झाने विचारलं.

"नाही ऐकलं," मी म्हटलं. "हजारदा सांगितलं मी."